कुलूपबाईंचा करडा दिवा

कुलूपबाई हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. ते ठेवलं हॉस्पिटलातल्या लोकांनी, आणि तेही पाठीमागे. पण तळघरातल्या त्या खोलीच्या भिंती पातळ आणि बाईंचे कान तिखट, त्यामुळे नाव पडलं त्याच दिवशी त्यांना ते कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक जुनं पितळी कुलूप आणलं आणि टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवून दिलं. चिडवणाऱ्यांची निम्मी मजा तिथेच संपली.

तसं नाव चुकीचंही नव्हतं. हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर त्यांच्या ताब्यात होते. कोणती फाइल कोणी नुसती वाचायची, कोणी तिच्यात लिहायचं आणि कोणी तिच्याकडे बघायचंही नाही, हे त्या ठरवत. एखादा मोठा डॉक्टर जरी तळघरात उतरला आणि म्हणाला की मला सगळं दिसू द्या, तरी बाई चष्मा वर सरकवून विचारत, "सगळं म्हणजे काय काय?" डॉक्टर गडबडायचा. मग त्याला त्याच्या वॉर्डाचे रिपोर्ट मिळत, शेजारच्या वॉर्डाचे नाही. लोक कुरकुरत. बाईंचं म्हणणं असं की कुरकुर करायला परवानगी लागत नाही, ती सगळ्यांना आहे.

हा ताठा उगाच आलेला नव्हता. बाई या हॉस्पिटलात लागल्या तेव्हा पोरसवदा होत्या आणि नोंदणीच्या खिडकीमागे बसून पेशंटांची माहिती कॉम्प्युटरवर चढवायच्या. त्या खोलीत सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता, आणि तो स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला होता. एके दिवशी कोणीतरी एका पेशंटाचा रक्तगट बदलला. चुकूनच, पण बदलला. रक्त चढवायच्या आधी नर्सने पुन्हा तपासलं म्हणून तो माणूस वाचला. मग चौकशी झाली. पासवर्ड सगळ्यांचा, म्हणून सगळ्यांनी हात वर केले आणि खोलीत सगळ्यात नवी ही, म्हणून दोष हिच्या गळ्यात पडला. त्या दिवशी घरी जाऊन त्या रडल्या नाहीत. रागाने जेवल्या नाहीत, इतकंच. सगळं सगळ्यांना उघडं ठेवलं की गुन्हा करणारा सापडत नाही, ज्याला बोलता येत नाही तो सापडतो, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते कायमचं. पुढे संध्याकाळचे वर्ग करून, परीक्षा देऊन त्या खिडकीमागून तळघरात आल्या आणि आल्या आल्या वर जाऊन तो चिकटवलेला कागद आपल्या हाताने फाडला.

तर गोष्ट आहे बाई रजेवरून परत आल्या त्या दिवसाची. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून त्या काही दिवस घरी होत्या. सकाळी त्या तळघरात शिरल्या आणि सवयीने आधी भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर एक मोठा स्क्रीन होता आणि त्यावर हॉस्पिटलच्या प्रत्येक मशीनच्या नावापुढे एक दिवा. ठीक चाललंय तर हिरवा, लक्ष ठेवा तर पिवळा, धावा तर लाल. चौथा रंग करडा, त्याचा अर्थ 'माहीत नाही'. हे दिवे लावायचं काम प्लगिनांचं. प्लगिन म्हणजे एक छोटासा प्रोग्राम, जो थोड्या थोड्या वेळाने जाऊन एकच गोष्ट बघून येतो आणि काय दिसलं ते सांगतो. कोणी तापमान बघतो, कोणी जागा किती उरली ते बघतो. लॅबच्या मशीनवरचा प्लगिन तिथल्या डिस्कांची तब्येत बघायचा, आणि त्या डिस्कांवर हॉस्पिटलातल्या झाडून सगळ्या पेशंटांचे रक्ताचे, लघवीचे, गाठींचे रिपोर्ट होते.

लॅबच्या मशीनपुढचा दिवा त्या सकाळी दिसेना. तिथे स्क्रीनवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'हा असाच असतो.' बाईंनी चिठ्ठी उचकटली. खाली करडा दिवा होता.

अक्षर वायरमामांचं होतं. वायरमामा म्हणजे त्या खात्यातले सगळ्यात जुने गृहस्थ. त्यांची हयात वायरी ओढण्यात गेली होती आणि बाईंच्या रजेत खातं त्यांच्याच गळ्यात होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की बाई गेल्या त्याच दिवशी दिवा करडा झाला, प्लगिन सारखा 'परवानगी नाकारली' म्हणतोय, आणि परवानगी म्हटलं की ते बाईंचं खातं, त्यात आपण कशाला हात घाला. रोज नजर तिकडे जाऊन जीव टांगणीला लागायचा, म्हणून झाकून टाकला. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मामा चहा आणायला निघून गेले.

मामांचा चहा यायच्या आत साहेब आले. साहेब खात्यात नवे होते. माणूस वाईट नव्हता, पण चार लोकांत आपण कसे दिसतो याची त्यांना फार काळजी. चार वाजता हॉस्पिटलच्या अध्यक्षबाई आणि बाकीचे विश्वस्त तळघर बघायला येणार होते आणि आल्या आल्या त्यांना दिसणार होती ही भिंत. साहेबांना ती हिरवीगार हवी होती. त्यांनी येतानाच प्लगिन विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावून ठेवला होता. त्यांनी फोन टेबलावर पितळी कुलपाशेजारी ठेवला आणि स्पीकर चालू केला.

इंजिनिअरचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. त्याने अडचण पुरती ऐकलीही नाही. यात काहीच अवघड नाही, तो म्हणाला, प्लगिन ज्या लॉगिन-खात्यावरून चालतो त्या खात्याला रूटचे अधिकार देऊन टाका, आमचे सगळे ग्राहक तेच करतात. रूट म्हणजे मशीनचं सर्वाधिकारी खातं. त्याला काहीही उघडता येतं, बदलता येतं, पुसता येतं. साहेबांनी बाईंकडे बघून मान डोलावली. झालं, एवढंच तर करायचं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांना वाटलं बाईंना नीट ऐकू आलं नाही. बाईंनी समजावून सांगितलं. प्लगिनचं खातं बाहेरून, नेटवर्कवरून हुकूम घेतं. त्याचं काम काय, तर फेरी मारून दारं नीट आहेत का ते बघायचं. अशा रखवालदाराच्या कमरेला साऱ्या इमारतीच्या चाव्या बांधल्या, तर चोराला दारं फोडायची गरजच नाही, त्याने रखवालदाराला गाठलं की काम झालं. फोनमधला मऊ आवाज हसला आणि म्हणाला की मॅडम जरा जास्तच घाबरतात.

"घाबरत असते तर केव्हाच हो म्हटलं असतं," बाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला. ते फार हळू बोलले, त्यामुळे ते जास्तच लागलं. चार वाजेपर्यंत दिवा हिरवा झाला नाही, तर उद्यापासून सर्व्हरांच्या चाव्या कंपनीकडे जातील आणि बाईंनी वर प्रिंटरांचं बघायचं. प्रिंटरही महत्त्वाचे असतात, असंही ते म्हणाले. वायरमामा चहा घेऊन दारात उभे होते, ते तिथूनच परत फिरले.

नोंदणीच्या खिडकीमागून इथवर यायला बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि आता हा माणूस त्यांना कागद अडकलेल्या प्रिंटरांपुढे बसवायला निघाला होता. बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या कामाला लागल्या. साहेबही खुर्ची घेऊन मागे बसले, आणि फोन चालूच राहिला.

पहिला बिघाड सापडायला वेळ लागला नाही. रजेवर जायच्या दिवशी बाईंनी या प्लगिनची नवी आवृत्ती चढवली होती. डिस्क तपासायला तो एक हत्यार, म्हणजे मशीनवरचाच दुसरा एक छोटा प्रोग्राम, वापरतो, आणि त्या एका हत्यारापुरती त्याला बाईंनी पूर्वीच परवानगी दिलेली होती. नवी आवृत्ती तेच हत्यार दुसऱ्या जागेवरून उचलायला लागली आणि परवानगी राहिली जुन्या जागेची. बाईंनी नवी परवानगी लिहिली: हे खातं, हे एकच हत्यार, आणि तेही फक्त बघण्यासाठी. साहेबांनी विचारलं की एवढं मोजूनमापून लिहिण्यापेक्षा सगळंच देणं सोपं नव्हतं का. सोपं होतं, असं बाई म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या.

तेवढ्यात घरून फोन आला. सासूबाईंच्या डोळ्यात दुपारचे थेंब घालायचे होते आणि नवरा अगतिक होऊन सांगत होता की आई डोळाच उघडत नाहीये. मागून सासूबाईंचा खणखणीत आवाज येत होता. "ज्याचा त्याचा हात मी डोळ्यात घालून घेणार नाही. तिला येऊ दे." बाईंनी फोन सासूबाईंना द्यायला सांगितला आणि दुपारपुरती मुलाला परवानगी द्या म्हणून विनवलं. दुपारपुरती, असं म्हणून सासूबाईंनी मोठ्या मनाने डोळा उघडला.

बाई भिंतीकडे वळल्या. दिवा करडाच होता. प्लगिन अजूनही म्हणत होता, 'परवानगी नाकारली.'

आता इंजिनिअरला जोर चढला. त्याने दुसरा उपाय सुचवला: प्लगिन करडं म्हणाला की स्क्रीनने ते हिरवं दाखवायचं, असं एका ओळीत करता येतं. पाहुणे गेले की परत काढून टाका, कोणाला पत्ता लागणार नाही. साहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांना हे पहिल्याहूनही आवडलं.

बाई मागे वळल्या. "साहेब, हा प्लगिन म्हणतोय मला माहीत नाही. या खोलीत सकाळपासून तेवढं एकच वाक्य खरं बोललं गेलंय. ते मी खोटं करणार नाही."

हाताने चालवून बघितलं तर प्लगिन ठणठणीत चालत होता. पण तो बाईंच्या हाताने, बाईंच्या अधिकारात. हीच तर या धंद्यातली फसगत. मालकाने ढकललेलं दार नेहमीच उघडतं. मग बाईंनी प्लगिनच्याच खात्यात शिरून, त्याच्याइतक्याच तुटपुंज्या अधिकारांनी, एकेक पायरी करून बघितली. हत्यार उचललं, ते मिळालं. डिस्क वाचली, तीही वाचता आली. घोडं अडलं ते अगदी शेवटी. प्लगिन प्रत्येक फेरीनंतर डिस्कवर किती जागा खराब दिसल्या तो आकडा एका लहानशा फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ताडून बघता येतं. त्या फाइलमध्ये त्याला लिहिता येत नव्हतं. फाइल त्याची स्वतःची, त्याच्याच कामाची, आणि त्याच्याच हाताला बंद. बाईंनी फाइलचा मालक कोण ते बघितलं.

मालक होता रूट.

साहेबांनी खांद्यावरून वाकून वाचलं. रूटचा पासवर्ड हॉस्पिटलात दोघांकडेच होता, बाईंकडे आणि साहेबांकडे. त्यांना तो आधीच्या साहेबांकडून खुर्चीबरोबर मिळाला होता आणि तो त्यांनी आजवर कधी वापरला नव्हता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाईंना मात्र आता सगळं आठवलं. रजेवर जायच्या दिवशी नवी आवृत्ती चढवून झाली आणि घरून फोन आला की ऑपरेशन लवकर घेणार आहेत. प्लगिन चालतो की नाही ते घाईघाईत बघायचं, म्हणून त्यांनी तो रूटवरूनच एकदा चालवला. चाललेला बघितला आणि पर्स उचलून धावल्या. नव्या आवृत्तीची ती पहिलीच फेरी, त्यामुळे फाइल त्याच फेरीत तयार झाली आणि ज्याने चालवली त्याच्या नावावर झाली. त्यानंतर बिचारा प्लगिन रोज येऊन बंद दारावर डोकं आपटत होता.

"मी," बाई म्हणाल्या. "मीच चालवला होता रूटवरून."

फोनमधला मऊ आवाज खळखळून हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांना बरं वाटलं ते लपलं नाही. "म्हणजे चूक तुमचीच, आणि नियम मात्र आम्हाला सांगताय," ते म्हणाले.

बाईंची कानशिलं तापली. मान खाली घालायची हीच वेळ, असं दुसऱ्या कोणाला वाटलं असतं. बाईंनी मान वर केली. "चूक माझीच. काम येणाऱ्या माणसाने घाईत एकदा हात लावला, तर एवढे दिवस हा दिवा मुका राहिला. कारण त्या हातात सगळे अधिकार होते. आणि हेच अधिकार तुम्ही दिवसरात्र चालणाऱ्या प्रोग्रामला द्यायला सांगताय. माझ्या चुकीने माझा नियम खोटा नाही पडला, साहेब. पक्का झाला."

फाइल प्लगिनच्या नावावर करायला क्षणभर लागला. मग पुढच्या फेरीची वाट बघणं आलं. साहेब घड्याळ बघत होते. वायरमामा गार झालेला चहा घेऊन कोपऱ्यात येऊन उभे राहिले होते. भिंतीवरचा दिवा लुकलुकला, करडा गेला आणि लाल झाला.

बाईंनी प्लगिनचं म्हणणं वाचलं, मग डिस्क स्वतः तपासून पुन्हा वाचलं. प्लगिन बरोबर सांगत होता. लॅबच्या मशीनमध्ये दोन डिस्का जोडीने चालत, एकीवर लिहिलं ते दुसरीवरही उमटे. त्यातली एक मरायला टेकली होती. कदाचित त्या चिठ्ठीखालीच टेकली असेल. दुसरी अजून धड होती, पण तीही त्याच वयाची.

जिन्यावर पावलं वाजायला लागली होती. साहेबांचा आवाज चिरकला. स्क्रीन बंद करा, निदान तो एक दिवा झाका. फोनमधला इंजिनिअर म्हणाला की ती एक ओळ आत्ताच सांगतो, एका तासाचा तर प्रश्न आहे. बाईंनी हात लांब करून फोन बंद केला. मग सकाळी उचकटलेली वायरमामांची चिठ्ठी टेबलावर पडली होती, ती त्यांनी मामांच्या डोळ्यांदेखत फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पाहुणे आत आले. साहेब चपळाईने भिंतीपुढे जाऊन असे उभे राहिले की त्यांची पाठ बरोबर लाल दिव्यावर आली, आणि त्यांनी हॉस्पिटलच्या आधुनिकतेचा पाढा वाचायला सुरुवात केली. अध्यक्षबाई ठेंगण्या आणि चौकस होत्या. त्यांनी साहेबांच्या कोपराखालून बघितलं आणि विचारलं की मागे ते लाल काय दिसतंय. किरकोळ आहे, साहेब म्हणाले.

"किरकोळ नाही," बाई म्हणाल्या. "लॅबचे सगळे रिपोर्ट ज्या दोन डिस्कांवर आहेत, त्यातली एक मरायला टेकली आहे. ते आज कळलं. आधीच कळायला हवं होतं. नाही कळलं त्यात चूक माझी होती. दुसरी डिस्क धड आहे, पण तिच्या एकटीच्या भरवशावर हॉस्पिटल ठेवता येणार नाही."

पाहुण्यांतल्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा हात छातीशी गेला. त्यांनी विचारलं, मग आता काय. नवी डिस्क कपाटात होती, बाईंनीच मागवून ठेवलेली. बाई उठल्या, कपाटाशी गेल्या आणि तिथे थांबून साहेबांकडे वळल्या.

"चार वाजून गेलेत, साहेब, आणि दिवा हिरवा नाही. चाव्या अजून माझ्याकडे असतील तर डिस्क आत्ता बदलते. नसतील तर कोणाला बोलवायचं ते सांगा."

खोलीतल्या सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. कोणत्या चाव्या, कसले चार, हे अध्यक्षबाईंना कळलं नाही, पण साहेबांच्या चेहऱ्यावरून त्यांना बरंच कळलं असावं. साहेबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी एकदा बंद फोनकडे बघितलं, एकदा लाल दिव्याकडे.

"बदला," ते म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "तुमच्याकडेच आहेत."

बाईंनी डिस्क बदलली. सगळे काचेपलीकडे उभे राहून बघत होते. मरायला टेकलेली डिस्क बाहेर आली, नवी आत गेली आणि धड डिस्कवरचं सगळं हळूहळू नवीवर उतरायला लागलं. दिवा पिवळा झाला. हिरवा व्हायला संध्याकाळ होणार होती, आणि अध्यक्षबाईंना तेही बाईंनी तसंच सांगितलं. पाहुणे गेले. साहेब मात्र गेले नाहीत. ते पुन्हा त्याच खुर्चीत बसले आणि आता आणखी काय, असं त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं की आता रूटचं थेट दार बंद करायचं. इथून पुढे कोणीही उठून रूट म्हणून शिरायचं नाही, ज्याला जे करायचं ते स्वतःच्या नावाने आणि कामापुरतंच. त्यांनी आधी स्वतःचे रूट म्हणून शिरायचे अधिकार काढले. काढताना हात थोडा थांबला, कारण एवढ्या वर्षांची सवय होती. मग त्यांनी साहेबांचं नाव पुढे घेतलं. माझे राहू द्यात, असं साहेब हळूच म्हणाले, वापरत नाही मी, नुसते असू द्यात.

"नाही," बाई म्हणाल्या आणि तेही काढले.

निघायला उशीर होणार होता, म्हणून त्यांनी घरी फोन केला. नवऱ्याने सांगितलं की संध्याकाळच्या थेंबांची वेळ होत आली आहे आणि आई पुन्हा डोळा मिटून बसली आहे. दुपारपुरतं कबूल केलं होतं, ते संपलं म्हणते. मागून सासूबाई ओरडून सांगत होत्या की तिला सांग, सावकाश ये, मी वाट बघेन, पण याचा हात लावून घेणार नाही. बाई दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. नवऱ्याला त्यांनी सांगितलं की जबरदस्ती करू नकोस, आईंचं बरोबर आहे, दिवा हिरवा झाला की मी निघते.